निळी जावा

डालडाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी. अर्धा इंच रुंद, बोटभर लांब, एका कडेला पिवळ्या रंगाचा पुसट डाग. जावाचा किकचा दांडा पुलर लावून ओढला, तेव्हा ती त्याच्या भोकातून गुंडाळी होऊन खाली पडली. मनवेलपाड्यातल्या त्या टर्नरने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि कपाळाला हात लावला. वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात तो वीस वर्षं लेथवर उभा आहे. केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो, अशा कामात त्याचं आयुष्य चाललेलं. आणि त्याच्या स्वतःच्या वडिलांनी शाफ्टचे झिजलेले दाते वनस्पती तुपाच्या डब्याने भरून काढले होते!

गंमत अशी, की ती पट्टी टिकली होती. किती वर्षं, ते सांगायला वडील आता नाहीत.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळा महामार्गावर खानिवड्याच्या पुढे, आत. विरार पूर्वेहून विरार फाटा, तिथून शिरसाड, खानिवडे आणि मग महामार्ग सोडला की पावसाळाभर चिखल. सायकलने हे जमेना, म्हणून 1979 साली मास्तरांनी एक जुनी जावा घेतली. गाडी 1968 ची. पगाराच्या मानाने ती चैनच होती, आणि आजीने तसं बोलून दाखवलं होतं म्हणतात. पण पुढची पंचवीसेक वर्षं मास्तर, त्यांची पिशवी, कधी वर्गाचा फळा, कधी तापलेला एखादा विद्यार्थी आणि रविवारी अर्नाळ्याची मासळी हे सगळं त्या फटफटीवरून गेलं. मनवेलपाड्याच्या तळ्याकाठून ती निघाली की आवाजावरून किती वाजले ते लोकांना कळे.

जावाचा आवाज हा निराळाच विषय. इंजिन टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. आत झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन वरखाली होताना स्वतःच भोकं उघडतो आणि झाकतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, लिटरला चाळीस मिली, तेच आतल्या सगळ्या हलत्या भागांचं वंगण. आणि किक मारायला व गिअर टाकायला एकच दांडा. आत दाबून मागे फिरवला की किक, इंजिन सुरू झाल्यावर पुढे पाडला की गिअर. क्लचचा लिव्हर न दाबताही पायाने गिअर बदलता येतो, कारण तोच दांडा आतून क्लचही सोडवतो. डोकं लढवून केलेली रचना आहे, पण त्या एका दांड्यावर दोन नोकऱ्यांचं ओझं पडतं. दाते झिजतात. डालडाची पट्टी तिथूनच आली.

या गाडीची वंशावळही थोडी सांगायला हवी, कारण तिच्यात मुंबईचा वाटा आहे. फ्रांटिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने 1929 साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय घेतला आणि दोन नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ केलं. इंडोनेशियातल्या जावा बेटाशी तिचा काही संबंध नाही, जरी अर्ध्या महाराष्ट्राचा तसा समज असला तरी. मुंबईतले रुस्तम इराणी पन्नासच्या दशकात या गाड्या आयात करत. पुढे आयातीवर बंधनं आली, तेव्हा त्यांनी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा हा कारखाना काढला. 1961 मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. सत्तरच्या दशकात चेक नाव जाऊन ‘येझ्दी’ आलं. इराणमधल्या यझ्द शहरावरून हे नाव घेतलं, असं सांगतात. आपल्याकडे ब्रून-मस्का आणि पानीकम चहा घेऊन आलेले अनेक इराणी हॉटेलवालेही त्याच यझ्दकडचे. म्हणजे मराठी माणसाची सकाळ आणि त्याची फटफटी, दोन्ही एकाच वाळवंटी गावाची देणगी मानायला हरकत नाही. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 साली जावा आणि 2022 साली येझ्दी हे नाव बाजारात परत आलं, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या. त्यांच्या इंजिनातला एकही भाग मास्तरांच्या गाडीला उपयोगाचा नाही.

मास्तर थकले, तशी जावा चाळीच्या जिन्याखाली जाऊन उभी राहिली. 2016 मध्ये ते गेले. जुलै 2018 चा पाऊस वसई-विरारकरांना विसरता येणार नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी होतं, लोकल बंद होत्या, तळमजल्यांवर लोक खाटेवर खाट चढवून बसले होते. जिन्याखाली पाणी जावाच्या इंजिनापर्यंत चढलं आणि तिथेच राहिलं. त्या दिवसांत गाडीकडे बघायला कुणाला वेळ होता? फ्रीज वाचवायचा, कागदपत्रं वाळवायची. जावाची आठवण झाली ती 2021 च्या दिवाळीत, चाळ पुनर्विकासाला जाण्याची बोलणी सुरू झाली तेव्हा. जिन्याखालचं सामान काढा, अशी सूचना लागली. भंगारवाला आला, त्याने वजनाचा भाव सांगितला. त्या भावाने मुलगा दुखावला, आणि तिथून कामाला सुरुवात झाली. वारशाबद्दलचा उमाळा वगैरे नंतरचा. आधी होता तो भंगारवाल्यावरचा राग.

लेथवर हात बसलेला माणूस इंजिनाला घाबरत नाही. पण इंजिन खोलणं आणि पन्नास वर्षांचं, पाण्यात बुडालेलं इंजिन खोलणं यांत फरक आहे. पहिले चार रविवार फक्त बोल्ट सोडवण्यात गेले. डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण सोडायचं, आठवडाभर मुरू द्यायचं, मग गरम करून पाना लावायचा. नालासोपाऱ्याचे एक चाचा, ज्यांनी पोरवयापासून जावा-येझ्दीच खोलल्यात, त्याला एकच गोष्ट सांगून गेले होते: “जोर मत लगा. वो खुद बोलेगा, अब निकालो.” चाचांचे हात आता थरथरतात, म्हणून ते स्टुलावर बसून नुसतं बघतात आणि चहा पितात. त्यांच्या बघण्याचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.

क्रँककेस उघडल्यावर आत पाण्याची पातळी आखल्यासारखी दिसत होती. रेषेच्या वर लोखंड काळसर, तेलकट, ठीक. रेषेखाली तांबडी पूड. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकातल्या रोलरना खड्डे पडलेले, बेअरिंगं फिरताना वाळू चावल्यासारखी करकरत होती. पिस्टन सिलिंडरमध्ये इतका धरून बसला होता, की लाकडी ठोकळा ठेवून ठोकत ठोकत काढावा लागला. काढल्यावर त्याच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला, तेव्हा खाली आकडा दिसला: 65.50.

या आकड्यापाशी तो बराच वेळ थांबला. जावाचा सिलिंडर कारखान्यातून निघतो 65 मिलिमीटरचा. झिजला की पाव मिलिमीटरने मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. म्हणजे गाडीचं दोनदा बोअरिंग झालं होतं. प्रत्येक बोअरिंगमागे हजारो किलोमीटर, आणि मास्तरांच्या काळात बऱ्यापैकी खर्चही. दोन्ही वेळा घरात कशाला कात्री लागली असेल? आईला विचारलं, तर ती म्हणाली, “एकदा माझी बांगडी ठेवली होती. सोडवली नंतर.” तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

सुट्या भागांसाठी त्याने मुंबई पालथी घातली, पण ती पालथी घालण्याची एक पद्धत असते. बेअरिंग आणि ऑइल सील यांना गाडीचं नाव नसतं, माप असतं. ते घेऊन मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर गेलं, की दुकानदार गाडी कोणती हे विचारतही नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मात्र उलट. तिथे नाव सांगावं लागतं, आणि ‘जावा’ म्हटल्याबरोबर भाव वाढतो. हौशी लोकांनी हा बाजार महाग करून ठेवला आहे, हे कुणी तरी लिहायलाच हवं. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीवाले आपला दिवस साजरा करतात, गावोगावी धूर काढत मिरवतात. त्यात मौज आहे. पण त्या मिरवणुकीसाठी एक गाडी ‘कंपनीसारखी’ करताना दुसऱ्या तीन गाड्या सुट्या भागांसाठी मोडल्या जातात. मोडलेल्यांचा हिशेब कोण ठेवतो!

क्रँकचं काम त्याने गाळ्यातच केलं, मालकाला विचारून, पाळी सुटल्यावर. जुना क्रँक प्रेसवर सोडवला, नवी पिन, नवा रॉड, नवे रोलर घालून पुन्हा दाबून बसवला. मग दोन सेंटरच्या मध्ये धरून डायल गेज लावला. काटा हलतो तिथे खूण करायची, तांब्याच्या हातोड्याने एक ठोका द्यायचा, पुन्हा फिरवायचं. दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत काटा स्थिरावेपर्यंत रात्रीचे पावणेअकरा झाले. विरार लोकलला त्या वेळी बसायला जागा मिळते, एवढा फायदा. क्रँक मांडीवर घेऊन तो वसई रोडहून विरारला आला. समोरच्या बाईने विचारलं, “काय हो हे?” याला पटकन उत्तर सुचलं नाही.

पेट्रोलची टाकी हे स्वतंत्र प्रकरण. तळाशी, जोडाच्या कडेने, दगडासारखा कडक झालेला धुण्याचा साबण निघाला. गळकी टाकी साबण चोळून थांबवायची, ही युक्ती जुन्या सगळ्या मोटारसायकलवाल्यांना ठाऊक असते. मास्तरांनी ती कायमची करून टाकली होती. वर एके ठिकाणी कल्हईवाल्याने लावावं तसं झाळकामही होतं. आतला गंज त्याने विजेने काढला. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, तोंडातून एक लोखंडी सळई आत सोडलेली, टाकीला कुठेही न टेकणारी. बारा व्होल्टच्या चार्जरचं धन टोक सळईला, ऋण टोक टाकीला. दोन दिवस तपकिरी फेस वर येत राहिला. हे गच्चीवरच करायचं, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. आणि सळई स्टेनलेसची घ्यायची नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पाणी ओतल्यावर टाकी लगेच वाळवून आत ऑइल फिरवलं नाही, तर वसईच्या खाऱ्या हवेत तासाभरात पुन्हा तांबूस छटा चढते. त्याला हे कळलं ते पहिल्या खेपेनंतर. दुसरी खेप करावी लागली.

मग रंग. वरचा निळा रंग घासला तेव्हा खाली राखाडी थर लागला आणि त्याच्या खाली गडद किरमिजी. कारखान्याचा. टूलबॉक्सच्या आत तो अजून तुकतुकीत होता, कारण तिथे मास्तरांचा ब्रश पोहोचला नव्हता. निळा होता तो ब्रशने मारलेला ऑइलपेंट. शाळेच्या खिडक्यांना लावून उरलेला, असा घरातला प्रवाद. मित्रांचं एकमत झालं: किरमिजीच. जावा म्हणजे किरमिजी आणि टाकीवर हस्तिदंती पट्टे, नाही तर लोक हसतील. टर्नरलाही ते पटत होतं. यंत्राचा माणूस ड्रॉइंगच्या बाजूने असतो, आणि ड्रॉइंग म्हैसूरचं होतं. त्याने पेंटरला रंगाचा नमुना म्हणून टूलबॉक्सचं डावं झाकण देऊनही टाकलं.

आईने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “ह्यांची गाडी निळी होती.”

ती परत देवपूजेला लागली. झाकण दुसऱ्या दिवशी परत आणलं.

इथून कामाची दिशा बदलली असं म्हणता येईल. तोवर तो म्हैसूरची 1968 ची गाडी शोधत होता. आता प्रत्येक दुरुस्तीपाशी प्रश्न पडू लागला की ही ठेवायची की काढायची. सगळंच ठेवता येत नाही. वडिलांची आठवण म्हणून कुणी ब्रेकच्या तारेला मारलेली गाठ ठेवत नाही. डालडाची पट्टीही गेली. शाफ्टच्या दात्यांवर वेल्डिंगने धातू चढवून त्याने ते पुन्हा कापले. पण किकच्या दांड्यावरचं जाडंभरडं वेल्डिंग त्याने घासून सारखं केलं नाही. दांडा शाबूत आहे, सांधा भक्कम आहे, दिसायला ओबडधोबड आहे. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, हे वेल्डिंग महामार्गावरच्या कुणा ट्रकवाल्याच्या गॅरेजचं, घाईचं. बहुधा पावसात. असेल.

फेब्रुवारी 2023 मध्ये इंजिन सुरू झालं. पॉइंटचं अंतर 0.4 मिलिमीटर, इग्निशनचा क्षण पतंगाच्या कागदाने पकडलेला. पॉइंटच्या चिमटीत कागद धरायचा, इंजिन हाताने हळू फिरवायचं आणि कागद सुटतो तिथे ठिणगी. चाचा सिगारेटचा कागद वापरत. संक्रांत नुकतीच झाली होती, घरात पतंग होते. सहाव्या किकला जावा बोलली. पोरं जमली, वरच्या मजल्यावरून टाळ्या पडल्या. आणि मग धूर सुरू झाला. टू-स्ट्रोक धूर काढणारच, पण हा पांढरा, दाट, धूप टाकल्यासारखा, आणि थांबेना. शेजारची आजी खिडकी लावून घेत म्हणाली, “डास तरी मरतील.”

चाचांनी धूर हुंगला. पेट्रोलबरोबरच्या ऑइलचा वास वेगळा, गिअर ऑइलचा वेगळा. डाव्या बाजूला क्रँक आणि प्रायमरी चेनच्या खोलगटाच्या मध्ये एक रबरी सील असतं. ते फसलं की इंजिन गिअर ऑइल आत ओढतं आणि जाळतं. दोष ना दुकानाचा होता, ना मालाचा. सील बसवताना शाफ्टवरच्या चावीच्या खाचेची धारदार कड टर्नरने कागदाने झाकली नव्हती. सीलचा ओठ तिथे नखाएवढा कापला गेला. गाळ्यात नव्या पोरांना तो हेच शिकवतो: धार मोडल्याशिवाय जॉब हातात घ्यायचा नाही. क्लच, चेन, सगळी डावी बाजू पुन्हा उतरली. चाचा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

कागदपत्रांनी मात्र गाडीपेक्षा जास्त विचार करायला लावला. मास्तरांनंतर गाडी नावावर करून घ्यायची ती वारसाने, नमुना 31 भरून, मृत्यूनंतर तीन महिन्यांत. इथे वर्षं उलटलेली. नोंदणी पूर्वी ठाणे जिल्ह्याची. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि आता इथल्या गाड्यांना एमएच 48. बहिणीची संमती, दंड, तपासणी, हे सगळं धीराने झालं. प्रश्न निराळाच होता. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी असेल, तर तिला व्हीए अक्षरांची स्वतंत्र पाटी मिळते. शुल्क वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. जावा वयाने बसत होती. मित्र म्हणाले, घे, मान आहे.

त्याने नियम पुढे वाचला. अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी. रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे मुंबईच्या रॅलीत ती दिमाखात जाऊ शकेल, पण अर्नाळ्याहून बोंबील आणू शकणार नाही. नियमात वाकडं काही नाही. जपायच्या गाड्यांसाठी तो केला आहे. पण मास्तरांची गाडी कामाची होती. शिवाय मूळ रूप म्हणजे कोणतं, हा वाद घरात एकदा आईने मिटवला होता, तो पुन्हा अधिकाऱ्यापुढे काढायची त्याची इच्छा नव्हती. त्याने साधं पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलं. या लेखाच्या मते बरोबर केलं.

आता ती चालते. दिवा सहा व्होल्टचा आहे, त्यामुळे अंधार पडायच्या आत घरी यावं लागतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून नवी कटकट आहे. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, जुनी रबरी नळी फुगवतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं गंजाच्या जुन्या जागी. म्हणून पंधरा दिवस गाडी निघणार नसेल तर तो टाकी रिकामी करतो, आणि नळी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घातली आहे. महाराष्ट्राचा ऊस शेवटी जावाच्या पोटातही शिरला, असं तो म्हणतो. ऑइल लिटरला चाळीस मिलीच, त्यात बदल नाही. मापाला आईच्या औषधाचं टोपण.

शाळेकडे तो अजून गेलेला नाही. महामार्गावर ट्रकांच्या मधून ती न्यायला मन होत नाही. सध्या आगाशी, अर्नाळा आणि परत. वळताना हात दाखवावा लागतो, आणि मागचे दुचाकीवाले त्याचा अर्थ न कळून हॉर्न देतात.

काम एका ठिकाणी अपुरं आहे. उजव्या टूलबॉक्सचं झाकण मास्तरांनी तारेने बांधून ठेवलं होतं. 2018 च्या पाण्यात तार तुटली आणि झाकण गेलं. तिथे सध्या ॲल्युमिनियमचा कापलेला पत्रा आहे. वसई, विरार, पालघर, डहाणू, कुठेही कुणाच्या माळ्यावर साठच्या दशकातल्या जावाचं उजवं झाकण पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी मनवेलपाड्याच्या तळ्यापाशी कुणालाही निळ्या जावाचं घर विचारावं. झाकण कोणत्याही रंगाचं चालेल. निळा तो मारून घेईल.